पडद्यावरचा हर्क्युलीस

इ. स. १९५८ च्या फेब्रुवारी महिन्यांत इटलींत एक रंगीत बोलपट प्रथम दाखविण्यांत आला. त्याच्या अखेरीस एक प्रसंग आहे. दाढी राखलेला, धिप्पाड बांध्याचा एक पुरुष राजवाड्यासमोर उभा आहे. त्याच्या मनगटांना तुरुंगांतल्या जाड सांखळ्या अजून तशाच लोंबत आहेत. राजाचे शिपाई त्याच्यावर चालून येतात. तो त्या सांखळ्या वाड्याच्या उंच खांबांना गुंडाळतो, पाय रोवतो, आणि सर्व देहाचा भार मागें टाकून ओढूं लागतो. खांब हलतात, तडकतात, आणि वरचें छत शिपायांसह खालीं कोसळतें. ज्या सांखळ्या त्याला जखडण्यासाठीं घडविल्या होत्या, त्यांनींच जुलमी राजाचें घर पाडलें. या पुरुषाचें नांव हर्क्युलीस, आणि बोलपटाचें मूळ इटालियन नांव ‘ले फातीके दि एर्कोले’, म्हणजे ‘हर्क्युलीसचे श्रम’.

हा चित्रपट म्हणजे मोठी कलाकृति, असा दावा त्याच्या चाहत्यांनींहि फारसा केला नाहीं. परंतु तो असा कांहीं चालला, कीं पुढील सहासात वर्षांत इटलींत त्याच जातीचे शंभरांहून अधिक चित्रपट निघाले. हातांत तलवार, पायांत चामड्याच्या वाहणा, अंगावर आंखूड वस्त्र, एक जुलमी राजा, एक कपटी राणी, आणि सर्वांना पुरून उरणारा एक बलवान पुरुष, हें त्यांचें ठरलेलें साहित्य. फ्रेंच टीकाकारांनीं या जातीला ‘पेप्लम’ असें नांव दिलें. प्राचीन ग्रीक स्त्रियांच्या सैल वस्त्राला ‘पेप्लॉस’ म्हणत, त्यावरून हें नांव निघालें. नांवांत थट्टेचा अंश आहे, हें उघड आहे. पण थट्टेनें प्रश्न सुटत नाहीं. लक्षावधि माणसें पदरचे पैसे खर्चून एकच गोष्ट पुन्हां पुन्हां पाहतात, तेव्हां त्या गोष्टींत त्यांच्या मनाची कांहीं तरी भूक भागत असते. ती भूक कोणती, हें समजण्यासाठीं दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. हा बलवान पुरुष इटलीच्या पडद्यावर कोठून आला, ही पहिली. आणि पुराणांतल्या हर्क्युलीसचें पडद्यावर येतां येतां काय झालें, ही दुसरी.

इटलीच्या पडद्यावरील बलवानाचा जन्म या चित्रपटापूर्वीं चव्वेचाळीस वर्षें झाला होता. १९१४ च्या एप्रिलांत तुरिन शहरीं ‘काबिरिआ’ हा मूकपट दाखविला गेला. त्याचा दिग्दर्शक जोव्हान्नी पास्त्रोने. कथा रोम आणि कार्थेज यांच्या दुसऱ्या युद्धाच्या काळची. काबिरिआ ही एक लहान मुलगी. एटना ज्वालामुखीच्या उत्पातानंतर ती चांच्यांच्या हातीं सांपडते, कार्थेजमध्यें विकली जाते, आणि मोलॉक नांवाच्या देवाच्या जळत्या पोटांत तिचा बळी देण्याचें ठरतें. एक रोमन आणि त्याचा आफ्रिकन गुलाम माचिस्ते हे दोघे तिला तेथून सोडवितात. पुढें माचिस्ते शत्रूच्या हातीं लागतो, आणि त्याला कित्येक वर्षें जात्याला जुंपून ठेवण्यांत येतें.

माचिस्ते हें नांव गाब्रिएले दान्नुन्झिओ या प्रसिद्ध कवीनें सुचविलें. तें त्यानें हवेंतून आणलें नव्हतें. ग्रीस देशांत माकिस्तस नांवाचें एक गांव होतें, आणि तेथील हेराक्लीजच्या मंदिराचा उल्लेख स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकारानें केला आहे. हेराक्लीज म्हणजेच रोमन लोकांचा हर्क्युलीस. तात्पर्य, माचिस्ते हें हर्क्युलीसचेंच एक जुनें, विसरलेलें विशेषण होय.

या गुलामाचें काम कोणा नांवाजलेल्या नटाला दिलें नव्हतें. जिनोआ बंदराच्या धक्क्यावर काम करणाऱ्या बार्तोलोमेओ पागानो नांवाच्या मजुराला पास्त्रोनेनें त्यासाठीं निवडलें. पागानोचा जन्म १८७८ चा. म्हणजे पडद्यावर आला तेव्हां तो पस्तिशीचा होता. अभिनयाचें शिक्षण त्याला नव्हतें. पण चित्रपटाचा नायक कोण, नायिका कोण, हें लोक विसरले आणि या मजुराला त्यांनीं लक्षांत ठेवलें. लगेच १९१५ सालीं ‘माचिस्ते’ याच नांवाचा त्याचा स्वतंत्र चित्रपट निघाला. १९१६ सालीं तो आल्प्स पर्वतांतील इटालियन शिपायाच्या वेषांत ऑस्ट्रियन सैन्याशीं लढूं लागला. त्यानंतरच्या ‘माचिस्ते नरकांत’ या चित्रपटाची आठवण फेडेरिको फेलिनी हा विख्यात दिग्दर्शक म्हातारपणापर्यंत सांगत असे. आपण पाहिलेला पहिला चित्रपट तोच, असें त्याचें म्हणणें होतें.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ‘काबिरिआ’मध्यें पागानोचें अंग काळें रंगविलेलें होतें, तो गुलाम होता, परका होता. पुढच्याच वर्षीं तोच पागानो, तेंच नांव, तेंच बळ. मात्र रंग धुतलेला, आणि माचिस्ते आतां इटलीचा स्वतंत्र नागरिक. लोकांनीं बलवानाला आपला म्हटलें खरें. पण आपला म्हणण्यापूर्वीं त्याचा रंग आणि त्याची गुलामगिरी दोन्ही पुसून टाकलीं. नको तें पुसून बलवान स्वीकारण्याची ही रीत पुढें हर्क्युलीसच्याहि वांट्याला आली.

मध्यंतरीं इटलीच्या राजकारणांत बळाचें नवें स्तोम माजलें. १९२२ सालीं मुसोलिनी अधिकारावर आला. उघड्या छातीनें शेतांत गव्हाच्या मळणीला हात लावणाऱ्या मुसोलिनीचीं छायाचित्रें देशभर पसरविण्यांत आलीं. देशाचा प्रमुख हाच देशाचा पहिलवान, असा देखावा उभा राहिला. पडद्यावरचा जुना माचिस्ते तोंवर मागें पडला होता. त्याच्या जागीं १९३७ सालीं सरकारी पैशानें ‘सिपिओ आफ्रिकानस’ हा प्रचंड चित्रपट निघाला, आणि रोमन सेनापतीच्या विजयांत इटलीच्या नव्या साम्राज्याचें समर्थन पाहावें, अशी त्यांत योजना होती. त्या सर्व थाटाचा शेवट काय झाला, हें जगाला ठाऊक आहे. १९४५ सालीं युद्ध संपलें तेव्हां इटली उद्ध्वस्त झालेली होती. त्यानंतरच्या वर्षांत तेथील श्रेष्ठ दिग्दर्शकांनीं बळाचें नांव टाकलें. व्हित्तोरिओ दे सिका याच्या १९४८ मधील ‘बायसिकल चोर’ या चित्रपटाचा नायक एक गरीब मजूर आहे. पोटासाठीं लागणारी एक सायकल सुद्धां त्याला राखतां येत नाहीं. सिनेमाचा इटालियन माणूस तोंवर इतका दुबळा आणि इतका खरा झाला होता.

अशा देशांत १९५८ सालीं हर्क्युलीस पुन्हां येतो, आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. हें घडलें कसें?

त्याचें एक कारण व्यवहाराचें आहे. रोमजवळ चिनेचित्ता नांवाची चित्रपटनगरी १९३७ पासून होती. युद्धानंतर अमेरिकन कंपन्या तेथें मोठमोठे प्राचीन कथांचे पट काढूं लागल्या. १९५१ चा ‘क्वो व्हादिस’ हा त्यांतला प्रमुख. त्यामुळें प्लास्टरचे खांब उभारणारे, चिलखतें घडविणारे, रथ हांकणारे, घोड्यावरून पडण्याचें कसब जाणणारे असे शेंकडों कारागीर रोमच्या परिसरांत तयार झाले. अमेरिकन कंपनी आपलें काम आटोपून गेली तरी हे हात मागें राहिले. थोड्या भांडवलांत प्राचीन काळ उभा करण्याची सर्व सामग्री अशा रीतीनें इटालियन निर्मात्यांच्या दारांत येऊन पडली होती.

‘हर्क्युलीसचे श्रम’ याचा दिग्दर्शक पिएत्रो फ्रांचीशी. नायकासाठीं त्यानें इटालियन नट घेतला नाहीं. अमेरिकेंतील माँटाना प्रांतांत १९२६ सालीं जन्मलेला स्टीव्ह रीव्ज हा शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांतला गाजलेला मल्ल होता. १९४७ सालीं ‘मिस्टर अमेरिका’ आणि १९५० सालीं ‘मिस्टर युनिव्हर्स’ हे किताब त्यानें मिळविले होते. हॉलिवुडांत मात्र त्याला किरकोळ कामांपलीकडे कांहीं मिळालें नव्हतें. त्याला इटालियन येत नव्हतें, पण त्यानें अडलें नाहीं. त्या काळीं इटलींत चित्रणाच्या वेळीं आवाजाची चिंता करीत नसत. प्रत्येक नट आपापल्या भाषेंत बोले. मागाहून दुसरे नट ओंठांच्या हालचालींवर नजर ठेवून त्यावर आवाज चढवीत. इंग्रजी प्रतींतहि हर्क्युलीसचा आवाज रीव्जचा नाहीं. शरीर एकाचें, वाणी दुसऱ्याची, अशी ही मूर्ति आहे.

चित्रपटाला जें कांहीं देखणेपण आहे, त्याचें पुष्कळसें श्रेय मारिओ बावा या छायालेखकाकडे जातें. पैसा बेताचा, देखावे तकलादू. पण बावानें निळ्या, तांबड्या, जांभळ्या प्रकाशाचे झोत टाकून प्लास्टरच्या गुहांना खोली दिली आणि रंगविलेल्या आकाशांना गूढपणा आणला. ज्या ठिकाणीं पैसा पुरत नाहीं तेथें प्रकाश पुरवावा, ही त्याची युक्ति. पुढें तो स्वतः दिग्दर्शक झाला, आणि १९६१ सालीं हर्क्युलीसला पाताळांत नेणारा चित्रपट त्यानें काढला.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचें. चित्रपटाच्या कथेचा आणि ग्रीक पुराणकथेचा संबंध काय?

ग्रीकांचा हेराक्लीज हा केवळ बलवान नाहीं. तो स्वतःच्या बळानें होरपळलेला माणूस आहे. देवराज झ्यूसचा हा मुलगा. झ्यूसची पत्नी हेरा त्याचा जन्मभर द्वेष करते. पाळण्यांत असतांना तिनें पाठविलेले साप त्यानें मुठींत चिरडले, ही गोष्ट मौजेची. पण पुढची मौजेची नाहीं. हेरानें त्याच्या मनांत वेड घातलें, आणि त्या वेडांत त्यानें आपलीं स्वतःचीं मुलें मारलीं. शुद्धीवर आल्यावर तो डेल्फीच्या देवतेकडे गेला, आणि युरिस्थिअस या भ्याड राजाची चाकरी करून प्रायश्चित्त घेण्याची त्याला आज्ञा झाली. ते जगप्रसिद्ध बारा श्रम म्हणजे हें प्रायश्चित्त. ते पराक्रम आहेत खरे, पण कर्ज फेडणाऱ्याचे पराक्रम आहेत. कथेचे पाठ अनेक आहेत. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांत युरिपिडीज या नाटककारानें हा क्रम उलटा केला. त्याच्या नाटकांत श्रम आधीं संपतात आणि मुलांची हत्या मागाहून घडते. तेथें हेराक्लीज मरावयास निघतो, आणि त्याचा मित्र थीसिअस त्याचा हात धरून त्याला अथेन्सला नेतो. सिंहाला मारणाऱ्या पुरुषाला जिवंत राहण्यासाठीं मित्राचा हात लागतो, हें त्या नाटकाचें मर्म होय.

एवढ्यावर त्याची सुटका होत नाहीं. युरिटस राजाची मुलगी इओले हिच्यावर त्याचें मन बसतें. राजा ती देत नाहीं. त्या राजाचा मुलगा इफितस हा हेराक्लीजकडे पाहुणा म्हणून येतो, आणि हेराक्लीज त्याला ठार मारतो. टिरिन्सच्या तटावरून त्यानें त्याला खालीं फेंकलें, असें एक आख्यान सांगतें. पाहुण्याच्या या वधाची निंदा होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांतहि आहे. या पापासाठीं त्याला ओम्फाली राणीच्या घरीं गुलाम म्हणून राबावें लागतें. शेवटीं इओलेपायींच त्याचा अंत ओढवतो. नवऱ्याचें मन तिच्याकडे गेलें या भीतीनें पत्नी डिआनिरा त्याला मंतरलेला अंगरखा पाठविते. त्यांतल्या विषानें त्याच्या देहाचा दाह होतो, आणि तो ईटा पर्वतावर स्वतःची चिता रचून तींत जळतो. त्या अग्नींतून तो देवांत जातो. ग्रीकांनीं त्याला देवपण दिलें तें शेवटीं, आणि सर्व देणें फेडून घेतल्यावर.

चित्रपटानें काय केलें? नांवें तींच ठेविलीं आणि कथा आंतून उलटी केली. नांवांत ‘श्रम’ असले तरी बारांपैकीं दोनच श्रम त्यांत दिसतात, नेमियाचा सिंह आणि क्रीटचा बैल. इओले ही येथें इओल्कसच्या पेलिआस राजाची मुलगी आहे. तिच्या रथाचे घोडे उधळतात, आणि हर्क्युलीस एक झाड उपटून त्यांच्या वाटेंत टाकतो. येथून प्रेमाला आरंभ होतो. तिचा भाऊ इफितस हा उद्दाम राजपुत्र. हर्क्युलीसनें त्याला शस्त्रविद्या शिकवावयाची असते. तो हर्क्युलीसच्या मागें सिंहाच्या शिकारीला जातो, आणि सिंह त्याला मारतो. राजा दोष हर्क्युलीसला देतो; पण प्रेक्षकाला माहीत आहे कीं हर्क्युलीस निर्दोष आहे. पुराणांत ज्याला हेराक्लीजनें स्वतःच्या हातानें मारलें, त्याला चित्रपटांत सिंहानें मारलें. नायकाचें पाप उचललें, आणि जनावराच्या पंजावर ठेवलें. मारलेल्या मुलांचा तर उल्लेखहि नाहीं.

यापुढची उलटापालट याहून मोठी आहे. दुःखी झालेला हर्क्युलीस भविष्य सांगणाऱ्या सिबिलकडे जातो आणि आपलें अमरत्व काढून घ्या, अशी याचना करतो. मनुष्यासारखें प्रेम करावें, घर मांडावें, मुलें वाढतांना पाहावीं, ही त्याची इच्छा आहे. त्याची याचना मान्य होते. म्हणजे ग्रीक हेराक्लीज माणूस म्हणून जळतो आणि देव होतो. इटालियन हर्क्युलीस देवत्व टाकतो आणि गृहस्थ होतो. एकाच्या हातून मुलें मरतात. दुसऱ्याला मुलें हवीं आहेत म्हणून तो मरण पत्करतो.

पुढील कथेंत तो जेसन या राजपुत्राबरोबर सोनेरी लोंकर आणण्यासाठीं आर्गो गलबतावर जातो. पेलिआसनें भावाचा खून करवून राज्य बळकावलें होतें, आणि खरा वारस जेसन होता. स्त्रियांचें बेट, रानटी वानर-माणसें, राखण करणारा राक्षसी सरडा, अशीं संकटें ओलांडून मंडळी परत येतात, दगा होतो, हर्क्युलीस तुरुंगांत पडतो, आणि मग तो सांखळ्यांचा प्रसंग घडतो. पेलिआसचा अंत होतो. गादीवर जेसन बसतो. हर्क्युलीस इओलेला घेऊन गलबतांत चढतो आणि निघून जातो.

हें निघून जाणें फार अर्थपूर्ण आहे. या जातीच्या चित्रपटांत बलवान पुरुष बहुधा परगांवाहून येतो, जुलमी राजाला किंवा कपटी राणीला खालीं ओढतो, आणि मोकळी झालेली गादी हक्काच्या वारसाला किंवा लोकांना देऊन आपली वाट धरतो. सैन्य, किल्ला, खजिना, सर्व त्याच्या मुठींत आलेलें असतें. आणि तो मूठ उघडतो. १९५८ मधील इटालियन प्रेक्षकांत चाळिशी उलटलेला प्रत्येक मनुष्य असा होता, कीं ज्यानें न जाणारा बलवान पाहिला होता. एकवीस वर्षें छाती पुढें काढून उभा राहिलेला तो पुरुष गादीवरून स्वतः उतरला नव्हता, आणि त्याच्या हट्टाची किंमत घरोघरच्या मुलांनीं आफ्रिकेंत, रशियांत आणि स्वदेशांतल्या डोंगरांत दिली होती. त्यांना बळ नकोसें झालें होतें असें नव्हे. बळाची आवड मनुष्याला सोडीत नाहीं. त्यांना असें बळ हवें होतें, कीं जें काम झाल्यावर घरीं जाईल. पडद्यावरच्या हर्क्युलीसनें तें त्यांना दिलें.

प्रेक्षक कोण होते, हेंहि पाहिलें पाहिजे. इटलींत नवा चित्रपट प्रथम मोठ्या शहरांच्या उंची चित्रगृहांत लागे, मग दुसऱ्या फेरींत मध्यम चित्रगृहांत, आणि अखेर तिसऱ्या फेरींत उपनगरांच्या व खेड्यांच्या स्वस्त चित्रगृहांत जाई. पेप्लम पटांचा खरा आधार ही तिसरी फेरी होती. तो काळ इटलीच्या मोठ्या स्थित्यंतराचा होता. दक्षिणेकडील लक्षावधि शेतकरी गांव सोडून मिलान व तुरिन येथील कारखान्यांकडे चालले होते. ज्या तुरिनांत माचिस्ते जन्मला, त्याच तुरिनच्या मोटारींच्या कारखान्यांत हे लोक यंत्रासमोर उभे राहिले. शेतांत ज्याच्या दंडाला मान होता, त्याच्या दंडाला यंत्रापुढें कांहीं विशेष किंमत उरली नाहीं. अशा माणसाला पडद्यावर एक पुरुष दिसे, कीं ज्याला अवजार लागत नाहीं. ज्याचें शरीर हेंच त्याचें भांडवल. आपल्या हातून जें निसटत आहे त्याचा शेवटचा गौरव तो तेथें पाहत होता, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

चित्रपटाचा डंका जगभर वाजला तो मात्र जोसेफ लेव्हिन या अमेरिकन व्यापाऱ्यामुळें. त्यानें १९५९ सालीं एक लक्ष वीस हजार डॉलरांस त्याचे अमेरिकेंतील हक्क घेतले, आणि जाहिरातींवर दहा लक्ष डॉलरांहून अधिक पैसा ओतला. एकाच वेळीं सुमारें सहाशें प्रती काढून सर्व देशांत चित्रपट लावला. वस्तु खरेदी करण्यापेक्षां ती ओरडून विकण्यास आठपट खर्च झाला. पण तो अनेक पटींनीं वसूल झाला. मग इटलींत एकच झुंबड उडाली. १९५९ सालींच ‘हर्क्युलीस आणि लिडियाची राणी’ हा दुसरा भाग निघाला. ओम्फालीची गुलामगिरी त्यांत आली खरी, परंतु येथेंहि प्रायश्चित्त म्हणून नव्हे, तर मंतरलेलें पाणी पिऊन स्मृति गेली म्हणून! १९६० सालीं माचिस्तेलाहि पुन्हां उठविण्यांत आलें. अमेरिकनांना माचिस्ते ठाऊक नव्हता. म्हणून तिकडे त्याच चित्रपटांना सॅमसन, गोलिआथ, ‘हर्क्युलीसचा पुत्र’ अशीं नांवें चिकटविलीं. इटालियन तरुणांनीं इंग्रजी नांवें घेतलीं. आद्रियानो बेल्लिनी हा कर्क मॉरिस झाला, आणि सेर्जिओ चानी हा ॲलन स्टील झाला. नांव, आवाज, देश, पुराण, सर्व बदलतां येई. अंगाचे स्नायू तेवढे खरे असावे लागत.

अति झालें कीं हंसूं होतें. तेच देखावे, तेच खांब, तीच मारामारी पाहून १९६४ च्या सुमारास लोक कंटाळले. १९६१ सालीं ‘ऱ्होड्सचा कोलोसस’ हा प्राचीन कथेचा पट काढणाऱ्या सेर्जिओ लेओने यानें १९६४ सालीं ‘मूठभर डॉलरांसाठीं’ हा अमेरिकन रानांतल्या बंदूकबाजाचा चित्रपट काढला, आणि निर्माते तिकडे धांवले. नायकांतला फरक पाहण्यासारखा आहे. हर्क्युलीस कोणाकडून मोबदला घेत नसे; हा नवा नायक एकमेकांच्या वैऱ्यांना आळीपाळीनें आपलें पिस्तूल विकतो. दंडाचा काळ गेला आणि रोखीचा काळ आला.

या लाटेचे तुषार मुंबईपर्यंत आले. १९६३ सालीं ‘फौलाद’, आणि १९६४ सालीं ‘सॅमसन’ व ‘हर्क्युलीस’ हे हिंदी चित्रपट निघाले. तिन्हींचा नायक कुस्तीगीर दारासिंग. हा खरा आखाड्यांतला मल्ल होता, आणि त्याच्याहि प्रेक्षकांत स्वस्त तिकिटांवर बसणारे कष्टकरी पुष्कळ होते. पुढें १९८७ सालीं दूरचित्रवाणीवरील ‘रामायण’ मालिकेंत हाच दारासिंग हनुमान झाला, आणि घरोघरीं लोकांनीं त्याला हात जोडले. तालमींत मारुतीपुढें नारळ फोडून लाल मातींत उतरणाऱ्या महाराष्ट्रीय मनुष्याला त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. बळाला वेसण हवी, ही गोष्ट त्याच्या परंपरेंतहि आहे. येथील वेसण सेवेची आहे. मारुति लंका जाळतो, पण लंकेचा राजा होत नाहीं. गादी बिभीषणाला मिळते.

आतां या पडद्यावरच्या हर्क्युलीसचा हिशेब मांडला तर जमा आणि खर्च दोन्ही दिसतात. जमेची बाजू ही, कीं बलवानानें सत्तेला चिकटून राहूं नये, हा धडा त्यानें कोणतेंहि व्याख्यान न देतां लक्षावधि साध्या माणसांच्या मनांत उतरविला. खर्चाची बाजू अशी, कीं त्यानें बलवानाला निष्पाप केलें. ग्रीक कथेला ठाऊक होतें, कीं जो हात सिंहाला मारतो तोच हात घरांतल्या लेकरावरहि पडूं शकतो. म्हणून ती आपल्या सर्वांत मोठ्या वीराला सोडीत नाहीं, त्याला चाकरी करावयास लावते, गुलामगिरी भोगावयास लावते, आणि अखेर चितेवर चढविते. चित्रपटानें तो हिशेब मिटवून टाकला. सगळा दोष पेलिआसचा, सिंहाचा, मंतरलेल्या पाण्याचा. हर्क्युलीसचे हात स्वच्छ. युद्धांतून नुकत्याच निघालेल्या राष्ट्राला असें स्वच्छ झालेलें बळ पाहून बरें वाटलें असेल, हें समजण्यासारखें आहे. स्वतःच्या हातांकडे पाहण्यापेक्षां सिंहाकडे बोट दाखविणें नेहमींच सोपें असतें.

स्टीव्ह रीव्ज १ मे २००० रोजीं वारला. त्याचे चित्रपट अद्यापि पाहिले जातात, आणि लहान मुलें तर ते डोळे विस्फारून पाहतात. त्यांनीं ते अवश्य पाहावेत. खांब कोसळतांना टाळ्याहि पिटाव्यात. मात्र कोणी तरी वडील माणसानें त्यांना त्याच संध्याकाळीं जवळ बसवून इफितसची जुनी गोष्ट सांगावी. बलवान निघून गेला कीं नाहीं, हें विचारावयास चित्रपट शिकवितो. जातांना त्याच्या हातांवर काय होतें, हें विचारावयास पुराण शिकवितें. हे दोन्ही प्रश्न ज्याला विचारतां येतात, त्याला पडद्यावरचा बलवान करमणूक देईल, आणि पडद्याबाहेरचा बलवान त्याला सहजासहजीं फसवूं शकणार नाहीं.